ती परत येते की नाही

नाही तात्या, असं अर्ध्यात उठून जायचं नसतं. आपलं भांडण संपलं नव्हतं. दोन्ही चॅनलवर सिनेमातली ती सून घरी परत येते, सगळी दुनिया बघते, आणि तुम्ही एकटे म्हणता परत येत नाही. का म्हणता, ते सांगायचं राहिलं होतं.

सुनील, मंडळींना आवाज येतोय का? मोबाईल माईकला चिकटवू नको, शिट्टी मारतोय. हां, असाच धर.

मंडळी, राम राम. मी संतोष, वरच्या आळीचा. तुम्ही सगळे मारुतीच्या देवळात बसलाय आणि मी इथं गुजरातेत मोरबीला, टाइलच्या कारखान्याच्या मागं, भिंतीला टेकून उभा आहे. तात्या गेले म्हणून सुट्टी मागितली तर मुकादम म्हणाला, सख्खे होते का? मी म्हणालो, नाही. तिथंच चुकलं माझं. व्हय म्हणायला पाहिजे होतं.

मला भाषण येत नाही. सातवीतनं शाळा सोडली, तेव्हापासून एका जागी सहा महिने टिकलो नाही. कागदावर लिहून आणलंय, तेही धड नाही. तरी बोलणार. कारण उद्या सकाळी भोरहून भंगारवाल्याचा टेम्पो येतोय, तात्यांचे सिनेमाचे डबे न्यायला. दत्तादादा, तू समोर असशील. बाप तुझा, घर तुझं, डबे तुझे. मी कोण? पण पाच मिनिटं ऐक. मग दे, नाहीतर ठेव.

नव्या पोरांना ठाऊक नसेल. तात्या तंबूच्या सिनेमात मशीन चालवायचे. जत्रा कुठंही असो, गुंजवण्याकडं, पालीकडं, तंबूबरोबर तात्या. पुढं तंबू बंद पडला. मालकानं मशीन विकलं आणि एका जुन्या सिनेमाचे डबे तात्यांकडं ठेवले. काढणारी कंपनी कधीच बुडालेली. दुसरी प्रिंट कुठं आहे, कुणाला माहीत नाही. मग मुंबईचा एक माणूस डबे घेऊन गेला, कॉपी केली, डबे परत आणून दिले. तेव्हापासून तो सिनेमा टीव्हीवर लागतो. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. सासू सुनेला घराबाहेर काढते, सून घाटाकडं निघते, आणि शेवटी परत दारात येते. उंबरठ्यावर पाय उचलते. समाप्त.

आता एक बोलतो. माना खाली घालू नका. माझी आई मी पाच वर्षांचा असताना घर सोडून गेली, ती परत आली नाही. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. मी तो सिनेमा तात्यांच्या घरी किती वेळा बघितला, मोजलं नाही. मी फक्त शेवट बघायला जायचो. काकी हाक मारायच्या, "संत्या, तुझी बाई आली रं दारात!" मी पळत यायचो.

मोठा झालो तसे तात्या म्हणायला लागले, "ती येत न्हाई परत." मी म्हणायचो, "तात्या, दोन्ही चॅनलवर येते." ते म्हणायचे, "दोन्ही एकाच डब्यातनं गेल्यात." मी हसायचो. आमचा खेळच झाला होता. सिनेमा लागला की मी जिथं असेन तिथनं फोन लावायचो, ते तिथं टीव्हीसमोर, मी माझ्या खोलीत. तात्या फोनवर बोलत राहायचे. "हितं गाण्याचं एक कडवं गेलं. हितं सासूचं बोलणं तोडलंय. हे दुसऱ्या चॅनलवर हाय बघ." मशीनपाशी बसून पाठ झालेलं सगळं.

गेल्या रविवारच्या आधीचा रविवार. दुपारी सिनेमा लागला. शेवट आला. तात्या म्हणाले, "संत्या, खाली बघ. पायापाशी."

मी म्हणालो, "काही नाही पायापाशी."

"नीट बघ की."

"नाही म्हणतोय ना! पाय आहे फक्त."

"असंल. पायापाशीच हाय ते."

मंडळी, मी काय बोललो सांगू? मी म्हणालो, "तात्या, मोतीबिंदूनं डोळे गेले, आता डोकंपण गेलं तुमचं." आणि फोन कापला. त्यांनी दोनदा परत लावला. मी उचलला नाही. बुधवारी सुनीलचा फोन आला.

त्यानंतर मी दुसऱ्या चॅनलची कॉपी मोबाईलवर शोधली. आमच्या खोलीतल्या टीव्हीवर जी लागते, ती पडदाभर लागते. पडदाभर करायला त्यांनी चित्र वरनं-खालनं कापलंय. दुसरी आहे ती चौकोनी, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. मी तीच कधी लावत नव्हतो, चित्र बारीक दिसतं म्हणून; आणि लहानपणी नुसता तिचा चेहरा बघायचो. ती लावली. शेवट आला. पाय उचलला. मी थांबवलं. खाली बघितलं.

कोपऱ्यात माप होतं. तांदळानं भरलेलं माप. अर्धंच दिसतं, एका क्षणापुरतं, पण आहे.

बायांनो, तुम्हीच सांगा. घरातनं काढलेली सून परत आली, तर तिच्यापुढं माप कोण ठेवतं? माप नवरीला ओलांडायचं असतं. म्हणजे ते सिनेमाच्या शेवटचं नाहीच. ते सुरुवातीचं आहे, लग्न होऊन ती घरात येते तेव्हाचं. तिकडनं काढून इकडं लावलंय. म्हणून तर टीव्हीवर सिनेमा सुरू होतो तेव्हा ती आधीच चुलीपाशी बसलेली असते.

कुणी लावलं? मी काकींना फोन केला. काकी, तुम्ही मला सांगितलंत ते मी आता सगळ्यांसमोर सांगतोय. रागावू नका.

एका जत्रेत, गावाचं नाव घेत नाही, तो माळ आता धरणाच्या पाण्याखाली आहे, त्या जत्रेत लोकांनी तंबूवर दगड टाकले. सून परत आलीच पाहिजे म्हणून. मालक म्हणाला, उद्याच्या खेळाला ती आली पाहिजे. तात्यांनी कात्री घेतली. ती घाट चढून जाते ती पट्टी कापली. माप ओलांडायच्या आधीचा तुकडा तिथं चिकटवला. पाय उचलला की समाप्त. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जत्रा संपली की परत जोडू, म्हणाले. ते राहिलं. मुंबईच्या माणसाला सांगायची लाज वाटली. स्वतःच्या हातानं दुसऱ्याचा सिनेमा कापला होता.

पुढं नवी, चांगली कॉपी करायला आणखी एक जण आला. त्यानं विचारलं, यातलं काही वेगळं काढून ठेवलंय का? काकी म्हणाल्या, "पट्टी हातात घेतली हुती ह्यांनी. तू पडवीत बसला हुतास. त्या पाव्हण्याला म्हणालास, काका, नव्या कॉपीत पण ती परत येते ना? यांनी पट्टी डब्यात टाकली. म्हणाले, काय न्हाई, एवढंच हाय."

मंडळी, माझ्यासाठी. माझ्यासाठी त्यांनी तो खोटा शेवट ठेवला. आणि मी मोठा झाल्यावर खरं सांगायला लागले, तर मी काय म्हणालो?

दादा, ती पट्टी पोह्याच्या गोल डब्यात आहे, माळ्यावर. तिला आंबूस वास येतो, काकी म्हणाल्या. वास म्हणजे ती मरायला लागलीय. पुण्यात एक जण अशा पट्ट्या मशीनवर घालून कॉपी काढतो. त्याच्याशी मी बोललोय. तो म्हणाला, वास येत असेल तर थांबू नका. बाकीचे डबेही ठेव दादा, पट्टी त्यांच्याशिवाय कुठं जोडणार? पण तुला फारच अडचण असेल, तर निदान तो एक डबा सुनीलच्या हातात दे. आज. टेम्पोच्या आधी. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं तो पुण्याला जाईल.

काही जण म्हणतील, कशाला? परत येते ते बरं वाटतं. मलाही बरं वाटायचं. पण ती येत नाही. मी आता ऐकू शकतो, तात्या.

पट्टी अडीच मिनिटांची आहे, काकींना तात्यांनी सांगितलेलं. गाणं नाही, बोलणं नाही, नुसता वारा, आणि ती घाट चढत जाते. मागं वळत नाही. आपण आता उभं राहू. नेहमी दोन मिनिटं असतात, आज अडीच राहा. तेवढ्यात ती वरच्या वळणापर्यंत पोचेल. सुनील, फोन बंद करू नको, मीपण इथं उभा राहतोय. तात्या, तुमचंच खरं होतं. पाया पडतो.

आणि दादा, कॉपीचे पैसे तुला नकोत द्यायला. सुनीलच्या मोबाईलवर आत्ता पाठवतोय. सात हजार चारशे.