रेघ बारीक होती

—वाऱ्यानं हो, मिस्त्री, सांगतोय ना, वाऱ्यानं आपटलं दार. चौकटीतले तुकडे जपून काढा, एकेक सुऱ्यासारखा आहे. चारच्या आत काच बसायला हवी, चारला वरचे साहेब येणार आहेत चौकशीला. बसेल ना? बसवाच. काय? तुकडे सगळे बाहेरच्या बाजूला पडलेत? पडले असतील—वारा काय तुम्हाला विचारून वाहतो?

इथे काय चालतं म्हणता? तारे फुटतात. म्हणजे फुटतात तिकडे, कोट्यवधी वर्षांपूर्वी, आम्ही नुसता पंचनामा करतो. दूरच्या दीर्घिकेचा—दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं अख्खं गाव समजा—तिचा जुना फोटो नव्यातून वजा करायचा, एखादा ठिपका उरला की समजायचं, कुणीतरी मेलं. मग त्याचा उजेड इंद्रधनुष्यासारखा फाकवून त्यातल्या रेघा बघायच्या—प्रत्येक वायूची आपली वेगळी— आणि ठरवायचं, मेलं कसं. हायड्रोजनची रेघ दिसली, तर अवाढव्य तारा स्वतःच्याच वजनानं कोसळून फुटला. नाही दिसली, तर बहुधा दुसरी गत—विझलेला लहानसा तारा, जोडीदाराला ओरबाडून खाणारा, आणि एक दिवस सोसवेना म्हणून चिंधड्या! काही उरत नाही त्याचं. मला विचाराल तर असंच जावं.

वीस वर्षं हेच करतोय. धाकट्या बहिणीलाही मीच शिकवलं—ती त्या समोरच्या टेबलावर बसायची. बसते. परवा सकाळी ठिपका मला सापडला, मला, आणि हायड्रोजनची रेघही दिसली, ठसठशीत. जो आधी प्रकार जाहीर करतो त्याचं नाव लागतं, मिस्त्री, दुसऱ्याला कुत्रं विचारत नाही. मी दहा मिनिटांत जाहीर केलं. आणि ही बया चहाच्या वेळी, सगळ्यांदेखत, हळूच—'दादा, रेघ बारीक आहे रे.' बारीक तर बारीक, त्यात काय, म्हणाल तुम्ही. अहो, फुटलेल्या ताऱ्याचा वायू सुसाट उधळतो, म्हणून त्याची रेघ पसरट येते. सुईसारखी बारीक रेघ बहुतेकदा त्या गावातल्याच निवांत वायूची, त्याचा मेलेल्याशी संबंध नाही. तो उजेड आधी वजा करायचा असतो. पहिल्या आठवड्यातला धडा! ह्याच चुकीवरून मी नवशिक्यांना रडवलंय. आणि त्या दिवशी कुणी हसलंही नाही. हसले असते तर परवडलं असतं, सगळे आपापल्या कपात बघत बसले.

मग ती इथे आली. दार लोटून घेतलं—का, तर बाहेर ऐकू जाऊ नये, माझी शोभा होऊ नये. म्हणाली, 'दुरुस्ती तू पाठवतोस की मी पाठवू?' एवढंच. ओरडली असती तर मी—थांबा, तो तुकडा पिशवीत नका टाकू, त्याला केस चिकटलेत. द्या इकडे. द्या! ... मान धरली हो मी तिची. मागून, केसांसकट. आणि आपटलं. एकदाच. नाही, दोनदा—पहिल्यांदा काच नुसती तडकली होती. मध्ये वेळ होता, मिस्त्री, थांबायला भरपूर वेळ होता. ती 'दादा' म्हणालीसुद्धा.

डावा डोळा जाणार बहुतेक. डॉक्टरांना तिनं सांगितलंय, पाय घसरला. साहेबांनाही तेच सांगणार. म्हणजे वारा नाही, पाय घसरला—लक्षात ठेवा, कुणी विचारलं तर घोटाळा नको, पाय घसरला. मीसुद्धा तेच सांगणार आहे, मघाशी चुकून वारा म्हणालो.

दुरुस्ती? गेली ना. काल दवाखान्यातून पाठवली तिनं, पट्टी बांधलेली, उरलेल्या एका डोळ्यानं सगळं पुन्हा तपासून. आणि खाली नाव कुणाचं? माझं! माझंच नाव घातलं! 'चूक लक्षात आल्यावर स्वतःहून दुरुस्त केली'—असं माझ्या वतीनं लिहिलंय. उपकार करते माझ्यावर! एक डोळा गेला तरी हिची खोड जात नाही, समोर असती तर पुन्हा मी तिला—

असे मागे काय सरकताय? मी तुम्हाला काही म्हणालो का? कुठली हातोडी? ... ही? ही तुमची ना, मी नुसती उचलली. घ्या. घ्या ना, मिस्त्री. घाबरताय काय एवढे? ... बरं, राहू दे काच. निघा तुम्ही. निघा म्हणतो ना!