नेम माझा वाईट नाही

...आणि वर मलाच विचारतात, प्रोफेसर, एवढ्या मोठ्या लंडनात डार्ट्स खेळायला तुम्हाला एक धड पब सापडू नये? अहो, नाही सापडत! बिअर प्यायला पावलोपावली सापडतील, पण भिंतीवर बोर्ड, समोर चार पावलं मोकळी जागा आणि वर बरा दिवा, एवढंच मागणाऱ्या म्हाताऱ्याला हे शहर वणवण फिरवतं. आणि मी काही हौसेनं फिरत नव्हतो. निवृत्त झालो आणि घरात बसून काळज्या करायला लागलो... गॅस बंद केला का, दार लावलं का, माझ्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात चूक तर नाही ना... ते पुस्तक कोणी वाचलेलं नाही, पण चूक ती चूकच ना? शेवटी हेस्टर, म्हणजे आमची ही, म्हणाली, "गुरुवारची काळजी तू बाहेर जाऊन करत जा." मी डार्ट्स निवडले, भिंतीवरच्या बोर्डावर छोटे बाण मारायचे. लहानपणी वडिलांबरोबर खेळलो होतो आणि तुम्हाला सांगतो, नेम माझा वाईट नाही. जागा वाईट असते.

आता इस्लिंग्टनचंच घ्या. तिथल्या पबात जाऊन विचारलं, बोर्ड कुठे आहे, तर एका दाढीवाल्या तरुणानं मोठ्या अभिमानानं भिंतीवरचा फळा दाखवला. त्यावर खडूनं लिहिलेलं, भाजलेलं बीट आणि बकरीचं चीज. टेबल राखून ठेवलंय का म्हणाला. मी गडबडलो, सॉरी म्हणालो आणि ते बीट खाऊन आलो. मला बीट आवडत नाही! मग शोरडिचला गेलो. तिथे बोर्ड होते, पण प्रत्येकावर कॅमेरे, गुण यंत्र मोजणार, आणि बाण चुकला की ते यंत्र तान्ह्या मुलासारखं रडणार. माझ्या वेळी ते इतकं रडलं, इतकं रडलं, की शेजारी ऑफिसची पार्टी करणाऱ्या मुली उठून आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, छान मारताय हं." असं म्हटल्यावर कुणाचा हात स्थिर राहील? डेप्टफर्डला बोर्ड खरा होता, लाकडी चौकटीतला, पण जमीन तिरकी आणि बोर्डाच्या शेजारी बायकांच्या संडासाचं दार. दार उघडलं की थांबायचं, माफी मागायची, पुन्हा नेम धरायचा, की पुन्हा दार. शेवटी मालकीणबाई आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुम्ही हातात टोकदार वस्तू घेऊन या दाराकडे टक लावून का उभे आहात?" आता बघा, तर्कशास्त्र शिकवलंय मी आयुष्यभर, आणि त्या दाराचीच माफी मागून बाहेर पडलो. नेम माझा वाईट नाही हो... पण जागा!

आणि मग वॉलवर्थला ती सापडली. पबाचं नाव ब्राउन हेफर, म्हणजे तपकिरी कालवड. सपाट जमीन, रबरी चटई झिजून गुळगुळीत झालेली, दिवा बरोब्बर डोक्यावर. इतकी निर्दोष जागा की मला घामच फुटला. पहिला बाण भिंतीत, दुसरा चौकटीत, आणि तिसरा खुंटीवर टांगलेल्या कोटात. कोट डोरीनबाईंचा, म्हणजे तिथल्या संघाच्या कप्तानाचा. जन्मभर बस चालवलेली बाई, आवाज असा की रस्ता आपोआप मोकळा व्हावा. त्यांनी बाण उपटला, भोक बघितलं आणि म्हणाल्या, "प्रोफेसर, कोटाला किती गुण धरायचे?"

आणि मला संघात घेतलं! का? पबापबांच्या लीगचा नियम आहे, सात माणसं हजर नसली तर सामना गेला, आणि त्यांचा सातवा केंटला मुलीकडे राहायला गेलेला. डोरीनबाई म्हणाल्या, "तू नुसता उभा राहा. श्वास घेत राहा. बाकी आम्ही बघतो." तुम्ही हसाल, पण दर गुरुवारी माझ्यासाठी एक स्टूल राखून ठेवलेलं असायचं. विद्यापीठात आयुष्य गेलं, तिथे कुणी खुर्ची राखली नव्हती.

तर पबाचे मालक, मलकाही त्यांचं आडनाव, एके दिवशी म्हणतात, तुम्ही लीगमध्ये तळाला राहिलात तर बोर्ड काढून टाकणार, त्या कोपऱ्यात जेवणाची तीन टेबलं मावतात. मला डोळ्यांसमोर लगेच बीट दिसायला लागलं. राहिला होता एकच सामना, पेकहॅमवाल्यांशी, आमच्याच पबात. जिंकलो तर वाचलो, हरलो तर तळाला. आमच्याकडे रीत अशी की कोण कितव्या नंबरावर खेळणार याच्या चिठ्ठ्या बिअरच्या मगमधून काढायच्या. सर्वांत शेवटी कोण निघालं असेल? विल्मॉट! म्हणजे मी! डोरीनबाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, मागे दुसरं नाव असेल या आशेनं.

आणि झालं काय, तीन-तीन अशी बरोबरी. सगळा भार माझ्यावर. समोर क्लिफ्टन बाप्टिस्ट, माझ्याच वयाचे, रेल्वेतले निवृत्त सिग्नलवाले, चष्मा माझ्यापेक्षा जाड. आता हा खेळ असा, की पाचशे एकातून गुण वजा करत बरोबर शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण काठच्या त्या अरुंद पट्टीत लागला पाहिजे, जिथे दुप्पट गुण. मला हवे होते बत्तीस. म्हणजे सोळाची पट्टी. लागला साधा सोळा. उरले सोळा. आठची पट्टी हवी, तर साधा आठ. मग उरले आठ, मग चार, मग दोन... दर वेळी निम्मं अंतर काटतोय आणि पोचत काही नाही! एका ग्रीक तत्त्वज्ञाचं म्हणणं होतं की सोडलेला बाण कधीच पोचत नाही. हे मी चाळीस वर्षं शिकवलं, पोरं हसायची. त्यांना त्या दिवशी तिथे बोलवायला हवं होतं.

दोन उरले, म्हणजे एकची पट्टी. याला आमच्याकडे वेड्यांचं इस्पितळ म्हणतात, कारण आत गेलेला बाहेर येत नाही. मी आत गेलो, आणि पाठोपाठ क्लिफ्टनही आले. मी चुकलो, ते चुकले, मी, ते... आणि सामना संपल्याशिवाय खाणं वाढायचं नाही अशी रीत, त्यामुळे भाजलेले बटाटे बारवर निवत होते आणि बाकीची बारा माणसं आमच्याकडे नाही, बटाट्यांकडे बघत होती. क्लिफ्टन माझ्या कानाशी म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही तरी मारा. माझी साखर उतरतेय." पेकहॅमचा कप्तानसुद्धा म्हणाला, कोणीही जिंका, पण जिंका.

मी पुन्हा उभा राहिलो. जमीन सपाट, दार बंद, दिवा लख्ख, कोणी खोकतसुद्धा नाही. म्हणजे आता चुकलो तर... तुम्हाला सांगतो, बोर्ड जाणार, स्टूल जाणार, डोरीनबाईंचा गुरुवार जाणार, आणि कारण एकच, मी. हात लाकडासारखा झाला. आणि तेवढ्यात फट्कन दिवा गेला!

नुसता जुगाराच्या यंत्राचा लाल उजेड. मलकाही ओरडले, थांबा, शिडी आणतो. आणि मला काय वाटलं सांगू? आनंद! निव्वळ आनंद! आता चुकलो तर दिव्यामुळे! मी सैल झालो, शिडीची वाटही पाहिली नाही, आणि सोडला बाण. ठप्प. क्लिफ्टन मोबाइलचा उजेड घेऊन पुढे गेले, नाक बोर्डाला लावून पाहिलं आणि म्हणाले, "लागलाय. बटाटे वाढा."

बोर्ड वाचला. डोरीनबाईंनी मला मिठी मारली, बरगडी अजून दुखते. आणि मलकाहींनी कौतुकानं, खास माझ्यासाठी, त्या बोर्डावर तीन नवे दिवे बसवले. तीन! चटई नवी! शेजारची खुर्चीसुद्धा हलवली, प्रोफेसरांना अडचण नको म्हणून! तेव्हापासून माझा एक बाण पट्टीत लागलेला नाही. दोन कोट मात्र लागले.

म्हणून विचारतो, तुमच्या माहितीत आहे का एखादा पब, सरावापुरता? तिरकी जमीन, मिणमिणता दिवा, संडासाचं दार शेजारी... कारण ही जागा फार चांगली झाली हो. आता नेमच वाईट म्हणावा लागणार.