युवराजांचं ग्राफिक्स कार्ड

"चालतंय ना? मग हात लावायचा नाही!"

हा आमच्या घरातला नियम. कुणी केला, कशासाठी केला, विचारायचं नाही. विचारलं की आई डोळे वटारते, बाबा पेपरात तोंड खुपसतात आणि काका चष्मा काढून पुसायला लागतात. काकांनी चष्मा काढला की समजायचं, आता आपली सुटका नाही! स्वयंपाकघरातला नळ मी शाळेत होते तेव्हापासून गळतोय. पाणी येतंय ना? मग हात लावायचा नाही. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे. अहो, घरातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात वीस मिनिटं मिळवायची सवय झालीये, पाहुणे आले की त्यांनाही शिकवतात, पण काटा पुढे सरकवायचा? छे! काटे फिरतायत ना? मग!

तुम्हाला सांगते, हे सगळं काकांचं. कारखान्याच्या गोदामात जन्म गेला त्यांचा. जिथली वस्तू तिथेच, आणि प्रत्येक वस्तूवर खूण. निवृत्त झाले आणि गोदाम घरी आलं. काकू त्यांच्या हाताखालच्या. डब्याला आणि झाकणाला एकाच रंगाचा ठिपका, कुलपाला आणि किल्लीला एकाच रंगाचा ठिपका... आणि ठिपके कशाचे? काकूंच्या नेलपॉलिशचे! बाईंनी आयुष्यात नखाला कधी लावलं नाही, पण बाटल्या संपतात.

तर, आम्ही वरच्या मजल्यावर, काका खाली. खाली काका, काकू आणि त्यांचे एकुलते एक चिरंजीव. आमचे युवराज. नाव आहे त्याला वेगळं, पण मी युवराजच म्हणते, कारण वागवतात तसंच. कॉलेजला गेलो तेव्हा आम्हा दोघांना एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकसारखे दोन कॉम्प्युटर आणले. तयार, जुळवलेले, सीपीयूच्या मागच्या बाजूला चकचकीत सील. काकांनी दोघांना समोर उभं करून सांगितलं, "सील म्हणजे सील. उघडायचं नाही. वायरींना ठिपके लावलेत. लाल वायर लाल ठिपक्यात, हिरवी हिरव्यात. कळलं?" कळलं! दोघांना कळलं! पण नियम, लक्षात घ्या, पाळला फक्त मी.

कारण पुढे काय झालं? मी शिकले, आणि काम कसलं घेतलं तर घरं न बांधताच दाखवायची. म्हणजे, इमारत अजून कागदावर असते, आणि मी फिल्म करते, दार उघडतंय, ऊन आत येतंय, फरशीवर खिडकीची सावली पडतेय... लोकांना वाटतं, जादू! जादू नाही हो, त्या एकेका सावलीचा हिशेब मशीनला करावा लागतो, आणि माझं मशीन तो हिशेब आमच्या घड्याळाच्या वेगाने करतं. त्याला लागतं ग्राफिक्स कार्ड. चांगलं, दणदणीत. मी मागितलं. चांगलं काम मिळवायचंय, म्हटलं, कार्ड बसवू या, माझ्याच कमाईतून. काकांनी चष्मा काढला. "तुझा कॉम्प्युटर सुरू होतो का?" होतो. "चित्र दिसतं का?" दिसतं. "मग चालतंय ना? हात लावायचा नाही. सील आहे त्याला." आणि बाबा? बाबा म्हणाले, "दादा म्हणतोय तर असेल काहीतरी कारण." आई म्हणाली, "मोठ्यांना उलट बोलू नये." मी गप्प. तेव्हा गप्प!

आणि पुढच्याच महिन्यात युवराज म्हणाले, "बाबा, माझा गेम अडकतो."

संपलं! गेम अडकतो!! राष्ट्रीय आपत्ती! सील? कसलं सील? दुकानदार घरी आला, सीपीयू उघडला, आतला वीज पुरवणारा डबा बदलला, काचेची भिंत असलेली नवी पेटी आणली, आतलं जुनं सगळं, खाचांवरच्या ठिपक्यांसकट, तिच्यात हलवलं आणि बसवलं ते कार्ड. काय सांगू तुम्हाला... विटेएवढं कार्ड! तीन पंखे! आणि पंख्यांना दिवे, निळे, जांभळे, मग हळूच हिरवे. मी जिन्यावर उभी राहून बघत होते. खोटं कशाला बोलू, जळून कोळसा झाला माझा. लोक दुसऱ्याचा नवरा बघून जळतात, दुसऱ्याचं घर बघून जळतात, मी पंखे बघून जळले! त्यानंतर मी वाटी परत द्यायच्या निमित्ताने खाली जायचे. आमच्याकडच्या वाट्या संपल्या, मग चमचे न्यायला लागले. एकेक!

पहिल्या संध्याकाळी युवराजांचा गेम असा पळाला, असा पळाला... खालून आरोळ्या! आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकायला लागला. होता तसाच.

आता तुम्ही म्हणाल, का? मीही म्हटलं, का? पण काकूंना लगेच कळलं. "पहिल्या दिवशी कसं पळत होतं! कुणाची तरी नजर लागली." आणि 'कुणाची तरी' म्हणताना बघितलं कुणाकडे? माझ्याकडे! आणि गंमत सांगू? मलाही वाटलं, लागली असेल. इतकी जळले होते मी, की दोन-तीन पंखे सहज बंद पडले असते.

बरं, अडकतंय म्हटल्यावर दुकानदाराला फोन. काकांचा आवाज वरपर्यंत. "अहो, तुमचं कार्ड सदोष आहे! सदोष! मी गोदामात माल तपासलाय आयुष्यभर, मला शिकवू नका!" दुकानदार बिचारा विचारत असणार, वायर नीट आहे का, कारण काका ओरडले, "वायरी? वायरी मी स्वतः लावल्यात, ठिपक्याला ठिपका!" आणि फोन आपटला. मग युवराज म्हणाले, "बाबा, कार्ड चांगलंय, नेट स्लो आहे." नेट बदललं. त्यांचं, हं! वर आमचं जुनंच, कारण चालतंय ना? तरी अडकलं. मग, "बाबा, माउस हळू आहे." माउस आला, त्यालाही दिवे. मग, "खुर्चीत पाठ दुखते, लक्ष लागत नाही." खुर्ची आली! लाल-काळी, विमानाच्या चालकाला शोभेल अशी, मानेखाली वेगळी उशी, कमरेखाली वेगळी! मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून इमारती बांधते हो, त्याचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घालते. सांगितलं काकांना. "बसता येतंय ना?" म्हणाले. येतंय. "मग!"

आणि मग आलं ते काम. मोठं ऑफिस, सगळ्या शहराचा नकाशा बदलणारी माणसं. म्हणाले, एक फिल्म करून दाखवा, एका वाचनालयाची. आवडली तर घेतो, टेबल, पगार, सगळं. सोमवारी सकाळी पाठवा. मी जीव ओतला. वाचनालयाच्या जिन्यावर उतरतं ऊन, पुस्तकांच्या कपाटांच्या सावल्या... आणि शनिवारी रात्री मशीनला सांगितलं, आता हिशेब कर. त्याने सांगितलं, करतो, बारा दिवस लागतील. बारा दिवस!

गेले खाली. मान खाली घालून गेले, हे लिहून ठेवा. म्हटलं, "काका, रविवारची दुपार फक्त. युवराजच्या मशीनवर माझं काम करू दे. नोकरीचा प्रश्न आहे." काकांनी चष्मा काढला. "अगं, तुझं मशीन चालू आहे ना?" चालू आहे, पण... "चालतंय ना? आणि उद्या त्याची स्पर्धा आहे." स्पर्धा! युवराज खुर्चीतून वळले, पूर्ण वळले, फिरते ना ती, आणि म्हणाले, "ताई, सॉरी गं, फायनल आहे." फायनल! हरून हरून हा मुलगा फायनलला कसा पोचला, तर स्पर्धक चारच होते, आणि त्यातले दोन आलेच नाहीत.

रविवारी दुपारी सगळं घर खाली. काकूंनी तर शेजारणीलाही बोलावलं होतं. माझी फिल्म वर सहा टक्क्यांवर. मीही खाली गेले, चमचा घेऊन. सुरू झाला गेम... आणि अडकला! युवराजांचा शिपाई एक पाय उचलून उभा! आला दुसरा, मारून गेला, आमचा उभाच! पाचव्या मिनिटाला फायनल संपली. युवराज रडकुंडीला. आणि काका उठून म्हणाले, "बस्स. उद्या नवीन कॉम्प्युटर आणायचा. सगळाच्या सगळा."

नवीन! तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांपुढे निळं-जांभळं-हिरवं झालं. हातातला चमचा पडला, गेला टेबलाखाली. तो काढायला मी वाकले, पेटीच्या मागे डोकं घातलं... आणि तिथेच थांबले.

लाल ठिपका. स्क्रीनची वायर, तिच्या टोकाला लाल ठिपका, आणि ती घातलेली जुन्या जागी, लाल ठिपक्याच्या खाचेत. आणि त्याच्या वीतभर खाली कार्ड. कार्डाला त्याच्या स्वतःच्या खाचा असतात, स्क्रीनची वायर तिथे लावायची असते, नाहीतर ते कार्ड म्हणजे नुसता पंखा! दुकानदाराने लावली होती तिथेच. पण दुसऱ्या दिवशी काकांनी दिवे दारातून दिसावेत म्हणून टेबल हलवलं, सगळ्या वायरी काढल्या, आणि परत लावल्या. ठिपक्याला ठिपका! कार्डावर काकूंचा ठिपका नव्हता, म्हणजे काकांच्या हिशेबी ती खाचच नव्हती. पाच महिने! नेट बदललं, माउस बदलला, खुर्ची आली, माझी नजर लागली, आणि ते विटेएवढं कार्ड पाच महिने दिवे लावून नुसतं बसून होतं! अगदी युवराजांसारखं!

मला इतकं हसू आलं, की टेबलाला डोकं आपटलं.

"काय झालं गं?" काकू.

"काही नाही. एक वायर चुकीच्या जागी आहे. पाच महिने."

"अशक्य!" काका. "ठिपक्याला ठिपका आहे!"

"ठिपका बरोबर आहे, काका. जागा चुकलीये."

काकांचा चष्मा आला हातात. पण पुसेनात. मग म्हणाले, "बरं. लाव मग. पटकन लाव आणि जा वर." आणि हळूच, शेजारीण ऐकणार नाही अशा बेताने, "दुकानदाराला काही बोलू नकोस."

मी उठले. गुडघे झटकले. "लावते. आधी ही पेटी वर न्या. आज माझं काम होऊ दे, उद्या खाली आणते, वायर जिथे हवी तिथे लावून."

"पेटी जागेवरून हलणार नाही," काका म्हणाले.

"अगं, मोठ्यांचं ऐकावं," आई म्हणाली.

"दादा म्हणतोय तर..." बाबा म्हणाले.

"ताई, कुठली वायर ते तरी सांग ना," युवराज म्हणाले.

आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, त्या सगळ्यांकडे बघितलं. म्हटलं, "काका, सुरू होतं का?"

"...होतं."

"चित्र दिसतं का?"

"दिसतं, पण..."

"चालतंय ना? मग मी हात लावणार नाही."

बाबांकडे तोंड खुपसायला पेपर नव्हता. आई डोळे वटारायला विसरली. काकू पेटीच्या मागे बघत होत्या, तिथे डझनभर वायरी, एकूणएक ठिपक्याला ठिपका, आणि हात लावायची कुणाची छाती नाही! फक्त कार्डाचे तीन पंखे फिरत होते. निळे, जांभळे, मग हळूच हिरवे.

वर येऊन बसलेय स्टुलावर. खालून अजून चकार शब्द नाही. जिन्यावर कुणाचं पाऊल नाही. सोमवार यायला एक रात्र, आणि माझ्या वाचनालयात ऊन अजून पहिल्याच पायरीवर. सात टक्के.

...चालतंय ना?