मालिकेतली बासरी

शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले तर माफ करा. मी शाळा सातवीतच सोडली. आम्ही काही जण एका जुन्या टीव्ही मालिकेचं संगीत कॅसेट कंपनीनं बाजारात आणावं म्हणून पत्रं लिहितो. परवा धीर करून शहराच्या टोकाला, येलहंक्याला, त्या मालिकेचे संगीतकार अण्णा यांच्या घरीच गेलो.

अण्णा म्हणाले, "मालिकेच्या टेपा पुसून त्यांवर नंतर बातम्या भरल्या. मला फक्त शीर्षकगीत आठवतं."

"आणि मुलगी सासरी निघते तिथली बासरी?"

"गुणगुण की स्वल्प."

मी चारचौघांत बोलतही नाही. डोळे मिटून गुणगुणलो.

"हे मी केलंय?"

"तुम्हीच, अण्णा."

"बरं केलंय की. अजून किती येतं?"

"सगळं."

"मग उद्या ये. लिहून घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिकपेटला मी कामाला आहे त्या दुकानात सुट्टी सांगितली आणि अण्णांसमोर बसून पहिल्या भागापासून गुणगुणायला लागलो.