आंबियाचा नवरदेव, मृगाची नवरी

...नाही, तुमी मले पहिले हे सांगा, लग्नाची तारीख काढाले काय लागते? पंचांग लागते, हॉल लागते, आचारी लागते. इतकंच ना? चूक! काटोलाकडं तारीख काढाची असन तर झाडाले विचारा लागते. संत्र्याच्या झाडाले! मी गिरिधर, नागपूरच्या प्रताप नगरात राहतो, तहसिलीतून रिटायर झालो, बीपीची गोळी घेतो, अन् तुमाले सांगतो, एक अख्खं साल मी एकच काम केलं. फोन. इकडं माही लहान बहीण प्रेमिला अन् तिचा नवरा ताराचंद, म्हणजे पोट्ट्याचे मायबाप. तिकडं महादेवराव, पोट्टीचा बाप. हे तिकडं नाही बोलत, ते इकडं नाही बोलत. अन् मधात कोण? मीच.

आता पोट्टा म्हणजे माहा भाचा पियुष. चांगला शिकलेला, पण वाडी पाह्यते, बापाची संत्र्याची वाडी. अन् वाडीवाल्याले आजकाल पोरगी कोण देते हो? सगळ्याइले पुण्याचा पाह्यजे, कंपनीतला पाह्यजे. वर्षं निघून गेली, पोट्ट्याचे केस पातळ व्हाले लागले, प्रेमिलाचं तर जेवणच तुटलं होतं. अन् तेवढ्यात हे मिनलचं स्थळ आलं. पोट्टी स्वतः म्हणे, "मले वाडीवालाच पाह्यजे, संत्रा मले समजते." प्रेमिलानं मले फोन केला अन् नुसती रडली. मी म्हटलं, रडतं काहून वं, जमलं ना. ते म्हणे, दादा, आता तारीख तेवढी काढून दे. तेवढी! तेवढी म्हणे...

काढली मी. भाऊजीले फोन केला, "तुळशीचं लग्न झालं का उरकून टाकू?" आता आमचे भाऊजी तोंडात तंबाखूचा खर्रा धरून बोलते, त्याइचा एक शब्द यायले एक चहा होते. "हूं... तवा... आमचा संत्र्याचा तोडा असते गा. गाड्या लागते वाडीत. मी अक्षता टाकू का क्रेट भरू?" बरं म्हटलं. महादेवरावाले लावला. महादेवराव फोनवर असा बोलते का फोनची गरजच नाही, काटोलाहून डायरेक्ट ऐकू येते. म्हटलं, "फेब्रुवारी कसं?" "फेब्रुवारीत आमचा तोडा!!" मी फोन कानापासून दूर धरला. "मंग मे?" "मे मधी या ना! मे मधी मी झाडाचं पाणी तोडून बसलो राहतो, मले काम काय?" खुश झालो मी. भाऊजीले लावला, मे म्हणून. "हूं... मे मधी फळ राहते ना बोराएवढं. एक पाणी चुकलं का गळ. मी मांडवात बसू का मोटारीजवळ?" "मंग तुमी मोकळे कधी राहता भाऊजी?" "डिसेंबर सरला का. तवा आमी झाडाले ताण देतो, पाणी बंद. रिकामाच असतो मी." "भाऊजी, तो पौष आहे! पौषात लग्न लावता?" "हूं... तेबी आहे."

तुमाले समजलं का? नसन समजलं तर सांगतो, मलेही वय गेल्यावर समजलं. संत्र्याले दोन बहार. एक आंबिया, तो थंडीत फुलते अन् दिवाळीच्या मागंपुढं तोडाले येते. दुसरा मृग, तो पहिल्या पावसात फुलते अन् होळीच्या आधी तोडाले येते. भाऊजीच्या विहिरीले उन्हाळाभर पाणी, म्हणून ते आंबिया धरते. महादेवरावाची विहीर चैतातच तळ दाखवते, म्हणून ते मृग धरते. दोघाइच्या गावाच्या मधात एक नाला आहे, बकरी उडी मारून जाते एवढा. रोपं दोघाच्याही बापानं एकाच नर्सरीतून आणलेली, एकाच बैलगाडीत. पण हा मोकळा तर तो अडकला, तो मोकळा तर हा अडकला. जून म्हणावं तर महादेवराव आभाळाकडं पाहून बसते, वरून त्या साली अधिक महिना. अन् मधात कोण? मीच.

फोन आपटला मी एक दिवस. माही पोरगी वेदिका कॉलेजात बॉटनी शिकवते, ते पेपर तपासून राहिली होती. ते हसाले लागली. म्हणे, "बाबा, नवीन प्रजाती अशीच तयार होते." मी म्हटलं, इथं माहा बीपी वाढून राहिला अन् तू शिकवून राहिली? पण ते काही थांबते का! मास्तरीण आहे. म्हणे, "धरा का संत्रा जंगली झाड आहे. कलम नाही, काही नाही, बीवरच उगवते. अर्धे झाडं जानेवारीत फुलते, अर्धे जूनमधी. मंग ह्याचा पराग त्याच्या फुलावर कधी जाईन?" म्हटलं, कधीच नाही. "बस. मधात भिंत लागत नाही, डोंगर लागत नाही. येळ चुकली का झालं. ह्याइच्यातले बदल ह्याइच्यातच राहते, त्याइच्यातले त्याइच्यातच. असे हजारो लाखो वर्षं गेले का मंग तुमी दोन्ही फुलं सोबत आणून टेकवले तरी बी धरत नाही. एकाचे दोन झाले. भांडण न करता."

भांडण न करता! म्हटलं, म्हणजे आपला पियुष अन् मिनल... "बाबा, लाख वर्षं म्हटलं मी!" पण मले चैन पडते का? रात्रभर तेच. अन् खरंच पाहा ना तुमी, भाऊजीकडं दिवाळीले नवे कपडे, महादेवरावाकडं होळीले. भाऊजी म्हणे मृगाचा संत्रा नुसती साखर, महादेवराव म्हणे आंबिया खाल्ला का दात आंबते. ह्याचा व्यापारी वेगळा, त्याचा वेगळा. हे फुटूनच राहिले ना! एकाच बैलगाडीतले लोकं, अन् माह्या डोळ्यादेखत फुटून राहिले!

मंग मी काय केलं? तेच जे कराले नाही पाह्यजे. दोघाइले काटोलात फळबाजाराजवळच्या चहाच्या टपरीवर बोलावलं, समोरासमोर बसवलं, अन् वेदिकानं सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. मले वाटलं, विज्ञान ऐकून माणूस समजदार होते. म्हटलं, असंच चाललं तर तुमच्या दोन वेगळ्या प्रजाती होईन. महादेवरावानं कप खाली ठेवला. "म्हणजे आमी जनावरं?" म्हटलं, तसं नाही हो, एक मूळ राहते, त्याले फाटा फुटते... अन् तिथंच मेलो मी! कारण भाऊजीनं जिंदगीत पहिल्यांदा खर्रा थुंकला अन् सरळ बोलले, "मूळ आमी." महादेवराव उठलेच, "मूळ तुमी? अन् आमी फाटा? नाल्याच्या वरच्या अंगाले कोण आहे? आमी! पाणी वरून खाली येते का खालून वर जाते?" "पाणी येते ना तुमच्याकडून? मंग तुमच्या विहिरीत काहून नाही?" झालं! टपरीवाला म्हणे, भाऊ, चहाचे पैसे देऊन भांडा. अन् महादेवराव जाता जाता बोलून गेला, "मले दुसरं स्थळ आलं आहे. मृगवालंच आहे!"

त्या दिवशी प्रेमिलाचा फोन आला तर ते रडलीही नाही. नुसती म्हणे, "दादा, तुले काय गरज होती रे?" राजेहो, तिनं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी लहानपणी तिले खांद्यावर बसवून पोळा दाखवाले नेलं होतं, अन् म्हातारपणी तिच्या लेकाचं जमलेलं मोडून ठेवलं. तिच्याकडं फोन कराची हिंमत होत नव्हती माही, तिच्या आवाजाचंच भेव वाटे.

वाचवलं कोणं माहीत आहे? पोट्ट्याइनं. पियुष अन् मिनलनं मुकाट्यानं कोर्टात लग्नाची नोटीस देऊन ठेवली होती. मी घाबरून पियुषले म्हटलं, बापाले न विचारता? तो म्हणे, "मामा, विचारलं ना. दोघाइनंही हो म्हटलंच होतं. 'नाही' फक्त तारखेले होतं." आता बोला! मंगळवारी नागपुरात सह्या झाल्या. भाऊजी सकाळी आले, सही पाह्यली, पेढा खाल्ला, फवारणीवाला येणार म्हणून गेले. महादेवराव दुपारून आले, पोरीले जवळ घेतलं, डोळे पुसले, पेढा खाल्ला, गेले. लग्न लागलं, दोघं व्याही झाले, पण इवायानं इवायाचं तोंड नाही पाह्यलं. अन् दिवसभर पेढ्याचा डबा घेऊन उभा कोण? मीच.

मंग वर्ष गेलं. वाडीवाल्याले तुमी विचारा, संत्र्याचा तिसराही एक बहार आहे, हस्त. पावसाळा सरता सरता येते. त्याले कोणी धरत नाही, ताण देत नाही, तो आपल्या मनानं येते. मिनलले पोरगी झाली, हस्तात! ना तोडा, ना गळ, ना ताण. दवाखान्यात दोन्ही आजोबा एकाच दारातून एकाच टायमाले घुसले अन् अडकले दोघंही. मी डोळे मिटून घेतले. उघडून पाह्यतो तर दोघं पाळण्यावर वाकलेले. भाऊजी म्हणे, "हूं... नाक आमचं आहे." महादेवराव म्हणे, पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणे, "असू द्या. हसणं आमचं आहे." अन् प्रेमिलानं मले जवळ बोलावलं अन् लेकरू माह्याच हातात दिलं. म्हणे, "घे दादा, पहिले तू." रडलो मी, लपवाचं काय त्याच्यात.

मी वेदिकाले म्हटलं, "पाह्य, बी धरलं! एकच प्रजाती आहे! सुटलो मी!" ते लेकराचे गाल ओढून राहिली होती. म्हणे, "नाही बाबा, इतक्यात नाही. घोडी अन् गधा मिळून खेचर होतेच ना, पण त्याले पुढं लेकरू होत नाही. खरी परीक्षा हिची नाही. हिचं लग्न होईन, हिले पोरं होईन, तवा समजन."

म्हणजे हिचं लग्न... अन् पोट्टीनं मायसारखा वाडीवाल्याचाच हट्ट धरला अन् तिसऱ्या बहारवाला पाह्यला तर? एक आजोबा दिवाळीत अडकला, एक होळीत, अन् नवरदेवाकडचे तिसऱ्याच महिन्यात. अन् तवा मी नव्वदीचा, कानाले मशीन, हातात फोन, मधात.