सयाजी चौगले यांच्या नावाआधी लागलेल्या 'कै.'बाबत

दिनांक १४/११/२०२५, वेळ सकाळी ११.२०

माझे नाव मनोहर शमुवेल चोपडे, वय ६६ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी वीज मंडळात एकतीस वर्षे मीटर वाचक, शिक्षण बी.ए. प्रथम वर्ष, राहणार न्यू शाहूपुरी, कोल्हापूर. फोन करून बोलावल्याने मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर झालो असून, विचारल्यावरून माझे सांगणे असे की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. माझी पत्नी निशा ही प्राथमिक शिक्षिका होती. ती दिनांक २६/०८/२०२५ रोजी वारली. तोपर्यंत मी वरील पत्त्यावर एकटा राहत नव्हतो.

उचगावचे माजी उपसरपंच सयाजी आण्णा चौगले यांनी माझ्याविरुद्ध तक्रारी अर्ज दिला आहे. तो मला वाचून दाखवला. अर्जात म्हटले आहे की, दिनांक १०/११/२०२५ रोजी त्यांच्या आईच्या उत्तरकार्याचे जेवण चालू असताना पोस्टमनने एक पाकीट आणून दिले. त्यात ख्रिस्ती धर्माचे छापील पत्रक होते. त्यावर निळ्या शाईने 'कै. सयाजी आण्णा चौगले यांच्या कुटुंबीयांस' असे लिहिले होते. अर्जदार त्या वेळी जिवंत होते व पंगतीत मठ्ठा वाढत होते.

हे पत्र मीच टाकले. पाकिटामागे माझे नाव, पत्ता व फोन नंबर आहे. अक्षरही माझेच आहे.

पत्रकाबाबत सांगतो की, ते चार पानांचे असून त्याचे नाव 'पंधराव्या दिवशी' असे आहे. मजकूर माझ्या पत्नीने लिहिला असून शाहूपुरीतील एका प्रेसमध्ये तो वेळोवेळी छापून घेतला आहे. ती रोज सकाळी वर्तमानपत्रातील निधनाच्या बातम्या वाचून, गावाचे नाव किंवा पत्ता असेल त्या घरी हे पत्रक पोस्टाने पाठवत असे. हे काम तिने सुमारे वीस वर्षे केले. पहिल्या पानावर एक ओळ मोकळी ठेवलेली आहे. तेथे गेलेल्या माणसाचे नाव ती हाताने लिहीत असे. हिंदू घर असल्यास 'कै.', बौद्ध घर असल्यास 'कालकथित' आणि मुसलमान घर असल्यास 'मरहूम' असे ती लिहायची. समजत नसल्यास ती शेजारपाजारी फोन करून विचारून घेई. आमच्या पाळकसाहेबांनी एकदा तिला सांगितले की, कैलासवासी हा शब्द आपल्या शिकवणीत बसत नाही. त्यावर ती म्हणाली, "माणूस त्यांचं आहे. कुठं गेलं ते त्यांनी सांगायचं. आपण फक्त भेटायला चाललोय." पाळकसाहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पत्नी हयात असताना या कामात माझा भाग पाकिटांना तिकिटे लावण्यापुरता होता. मी रविवारी चर्चला जातो, परंतु अनोळखी माणसाच्या हातात कागद देणे मला जमत नाही. पूर्वी ती रंकाळ्यावर पत्रके वाटत असे, त्या वेळी मी पंधरा-वीस पावले लांब उभा राहत असे. ती म्हणे, "घाबरू नका. तुम्ही माझ्याबरोबर आलाय हे मी कुणाला सांगणार नाही." पुढे तिने पोस्टाचा मार्ग धरला. त्याचे कारण तिने असे सांगितले की, नको असलेला कागद समोरच्याला आपल्या घरी बसून निवांत फाडता येतो, आपल्या तोंडावर फाडायची त्याची पंचाईत होत नाही.

ती वारल्यानंतर कपाटात छापील पत्रकांचा एक गठ्ठा शिल्लक राहिला. सप्टेंबर महिन्यापासून ती पत्रके मी पाठवतो. आजपर्यंत कोणाची तक्रार आली नव्हती.

चूक कशी झाली याबाबत सांगतो की, दिनांक २९/१०/२०२५ च्या एका स्थानिक दैनिकात 'सयाजी चौगले यांना मातृशोक' अशी ठळक अक्षरांत बातमी होती. खाली बारीक अक्षरांत, उचगाव येथील श्रीमती बायडाबाई आण्णा चौगले, वय ८४, यांचे निधन झाल्याचे व रक्षाविसर्जन गुरुवारी सकाळी नऊ वाजता असल्याचे लिहिले होते. मी ठळक अक्षरांतील नाव घेतले आणि बारीक अक्षरांतून फक्त गाव घेतले. वारल्याची बातमी असून मथळ्यात जिवंत माणसाचे नाव असते, हे पत्नीला माहीत होते. मलाही माहीत असायला हवे होते.

पत्र पंधराव्या दिवशी, म्हणजे घरातील पाहुणे पांगल्यावर पोहोचावे अशी पत्नीची पद्धत होती. पोस्टाला पाच दिवस लागतील असे धरून मी दिनांक ०७/११/२०२५ रोजी पत्र टाकले. या वेळी पोस्टाने तीनच दिवसांत पोहोचवले. त्यामुळे ते भरल्या मांडवात वाचले गेले.

आज ठाण्यात अर्जदार सयाजी चौगले समोर होते. त्यांना मी प्रथमच पाहिले. पोलीस उपनिरीक्षक संयोगिता मॅडम यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवले. अर्जदार बसले नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, मी जिता हाय का न्हाय? हात लावून बघा. निवडणूक तोंडावर आल्याय आन् ह्येंनी मला कैलासात धाडलं!"

मॅडम म्हणाल्या, "आवाजावरनं जिवंत वाटताय. बसा."

अर्जदारांनी पुढे सांगितले की, पत्रावरची ओळ वाचताच त्यांच्या पत्नी वर्षाराणी मोठ्याने रडू लागल्या. अर्जदार मठ्ठ्याची बादली घेऊन त्यांच्या समोरच उभे होते, तरी त्या थांबल्या नाहीत. कोणीतरी त्या ओळीचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी गारगोटीहून एक पाहुणे हार घेऊन आले व अर्जदारांनीच दार उघडल्यावर हार कोठे ठेवावा हे त्यांना कळेना. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवाल्याचा फोन आला. "हसरा फोटू हाय का म्हणून इचारतोय, मलाच!" असे अर्जदार म्हणाले. नंतर मला म्हणाले, "पावणं, कुणाच्या सांगण्यावरनं केलासा त्येवढं सांगा. त्येचं नाव घ्या, तुमास्नी सोडतो."

मी कोणाच्या सांगण्यावरून केले नाही, असे सांगितले.

मॅडमनी मला विचारले, "चोपडे काका, एकतीस वर्षं मीटर असंच वाचत होता काय? वरचं नाव बघून बिल?" मीटरवर नाव नसते, आकडे असतात, असे मी उत्तर दिले. त्यावर त्या हसल्या. मी हसण्यासाठी बोललो नव्हतो.

अर्जदारांचे म्हणणे पडले की, पत्रकात येशूचे नाव आहे, दुःखाच्या घरात शिरून धर्म बदलायचा हा डाव आहे. मॅडमनी मला विचारले की, पत्रकात येशूचे नाव आहे काय. मी आहे म्हणून सांगितले. ते चुकून आलेले नाही. पत्नीला ते खरे वाटत होते. जे खरे वाटते ते एकदा सांगायचे आणि दारातून बाजूला व्हायचे, असा तिचा नियम होता. तिने कोणाला दुसरे पत्र पाठवले नाही. मॅडमनी विचारले, "आणि तुम्हांला?" मलाही ते खरे वाटते, असे मी सांगितले. हे यापूर्वी मी कोणा परक्या माणसासमोर मोठ्याने सांगितल्याचे मला आठवत नाही.

त्यानंतर मॅडम म्हणाल्या की, प्रकरण वाढवण्यात अर्थ नाही, मी एक हमी लिहून द्यावी व अर्जदारांनी अर्ज मागे घ्यावा. हवालदार गणपती यांनी हमीचा कागद लिहिला. त्यात 'यापुढे मी असली पत्रके कोणासही पाठवणार नाही' असे वाक्य होते. मी सही केली नाही. मॅडमनी कारण विचारले. घरात अजून गठ्ठा आहे, एवढेच मी सांगितले. त्या म्हणाल्या, "काका, सही केला नाहीत तर मला अर्जावर पुढची कारवाई करावी लागेल. गठ्ठा जप्त होईल." मला ते समजले. तरीही सही केली नाही. नोकरीत असताना मी कोणत्याही कागदावर सही करण्यास नकार दिलेला नाही.

मजकुरात आक्षेपार्ह काय आहे ते नोंदवण्यासाठी मॅडमनी हवालदारांना पत्रक मोठ्याने वाचण्यास सांगितले. हवालदारांनी ते पंचनामा वाचतात तसे वाचले. त्यातील मजकूर असा:

"पहिल्या दिवशी सगळे येतात. तिसऱ्या दिवशी येतात. तेराव्याला जेवायला तर नक्की येतात. पंधराव्या दिवशी कोणी येत नाही. त्या सकाळी चहाचा एक कप जास्त टाकला जातो आणि मग तो कोणी प्यायचा हे कळत नाही. त्या सकाळसाठी हे पत्र आहे. माझा असा विश्वास आहे की, येशू ख्रिस्त पंधराव्या दिवशीही येतो. तो मेलेल्यांसाठी रडला आहे, त्याला तुमच्या घरात काय बोलावे ते कळते. त्याला आत घ्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. नाही घेतले तर तो रागावणार नाही. तो कप तरी ओतून देऊ नका."

वाचन संपले. मॅडमनी अर्जदारांना विचारले, "यातलं नेमकं काय आक्षेपार्ह म्हणून लिहू?"

अर्जदार म्हणाले, "वर्षाराणी रोज एक कप जादा टाकत्याय. काल मी वरडलो तिच्यावर." नंतर मला विचारले, "ही लिवलंय कुणी?" माझ्या पत्नीने लिहिले, असे मी सांगितले. "मग त्यास्नीच घेऊन यायचं की हितं. तुमच्यापरास बरं बोलत्यात." मी ती वारल्याची तारीख सांगितली.

अर्जदार तेव्हा खुर्चीवर बसले. त्यांनी विचारले, "मग तुमच्या घरला असलं पत्र कुणी धाडलं?"

या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. हवालदारांनी हे लिहू का म्हणून मॅडमना विचारले. मॅडम म्हणाल्या, लिहा.

त्यानंतर अर्जदारांनी सांगितले की, ते अर्ज मागे घेण्यास तयार आहेत, परंतु त्यांची एक अट आहे. मी दुसरे पत्रक त्यांच्या आईच्या नावाने लिहून द्यावे, व ते पोस्टाने न पाठवता रविवारी उचगावला स्वतः घेऊन यावे. ते म्हणाले, "पर येशूबिशू मला जमंल असं न्हाय, आदीच सांगतो. आमचा बिरदेव हाय." मी सांगितले की, पत्रकात तशी सक्ती नाही. "वाचलं की मघाशी, न्हाय म्हटलं तर रागावत न्हाय," असे ते म्हणाले. एका घरी दोन पत्रके जाऊ नयेत हा पत्नीचा नियम होता. पहिले पत्रक त्या घरचे नव्हतेच असे धरून मी अट मान्य केली. रविवारी प्रार्थनासभा दहाला सुटते. त्यानंतर मी जाणार आहे.

हमीचा कागद हवालदारांनी नव्याने लिहिला. त्यात 'यापुढे मी पत्रक पाठवण्यापूर्वी बातमी शेवटपर्यंत वाचेन' असे लिहिले. मी सही करण्यास पेन घेतले. तेव्हा अर्जदार म्हणाले, "थांबा थांबा, फोटूचं बी लिवा. एवढा आईचा फोटू छापलाय बातमीत, डोईवर पदर घेतलेला. मला काय पदर हाय?"

मॅडमनी मला बातमीतील फोटोबाबत विचारले. फोटो मी पाहिला नव्हता. दिनांक २८/०८/२०२५ रोजी त्याच पानावर माझ्या पत्नीचा फोटो आला होता. तेव्हापासून ते पान वाचताना मी फोटोंवर हात ठेवतो.

अर्जदार म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग. फोटूचं नगं." मॅडमनीही तो भाग सोडून देण्यास सांगितले. परंतु चूक पुन्हा होऊ नये यासाठी तो असणे बरे, असे मला वाटल्याने मीच हवालदारांना लिहिण्यास सांगितले. त्याप्रमाणे 'व फोटोही पाहीन' हे शब्द वाढवून मी सही केली आहे.

हा जबाब हवालदार गणपती यांनी माझ्यासमोर लिहिला व मला सावकाश वाचून दाखवला. 'मातृशोक' हा शब्द एके ठिकाणी चुकला होता, तो माझ्या सांगण्यावरून दुरुस्त केला आहे. बाकी सर्व मी बोललो तसेच उतरले असून मला मान्य आहे.

समक्ष सही
मनोहर शमुवेल चोपडे