सभेत घेतलेलं नाव

(१९५०. इंदूर, राजवाड्याजवळची कचेरी. कारकून चिंतामण आणि पेटलावदकडच्या एका भिल्ल गावाचा मुखिया, ज्याला तिथं तडवी म्हणतात.)

चिंतामण : पण भैया, पंचायतीच्या सभेत सरपंचासाठी तुझं नाव कुणी घेतलंच नाही. मग साहेब काय करतील?

तडवी : माझं कोण घेणार? आमच्यात ज्याच्यावर तक्रार असते, त्याचंच नाव भर पंचात घेतात.

चिंतामण : आणि दारूच्या ठेकेदाराचं घेतलं?

तडवी : तक्रार होती ना त्याच्यावर! सगळं गाव उठून बोललं. वाटलं, आता सरकार त्याला जाब विचारेल. तर साहेबानं त्याला हारच घातला.

चिंतामण : सरपंच, बिनविरोध. रजिस्टरात मीच लिहिलं.

तडवी : होळकरांच्या राजात वीस बरस तू आमच्या पंचात बसला, बाबू. तुला तर मालूम होतं.

चिंतामण : होतं.

तडवी : मग बोलला का नाही?

चिंतामण : साहेब नवे, घाईत. मी जुन्या संस्थानचा माणूस. आमच्यातले अर्धे घरी बसवलेत. घाबरलो, दुसरं काय!

तडवी : आता भांडण झालं की लोक ठेकेदाराच्या ओट्यावर जातात. सरकारी शिक्का तिथं. मी रोज पंचाच्या महुव्याच्या झाडाखाली जाऊन बसतो. कुणी येत नाही. बहुत अकेला वाटतं, बाबू.

चिंतामण : इथं तरी कोण आहे रे? सगळी नवी मंडळी. चहाला जाताना मला हाकही मारत नाहीत.

तडवी : मला हार नको. आमचं आम्ही बसून ठरवू, बस. तेवढं लिहून दे.

चिंतामण : लिहिलं तर चूक माझ्या गळ्यात. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत.

तडवी : ठीक. जातो मी.

चिंतामण : अरे, बस ना! हरकत घ्यायचा आज शेवटचा दिवस आहे. दौत सरकव इकडे. हं... ‘गावाने ठेकेदाराचे नाव तक्रार म्हणून घेतले. हे मला त्याच वेळी कळले होते. मी गप्प राहिलो.’ झालं. खाली सही माझी.

तडवी : साहेब मानेल?

चिंतामण : काय सांगू? मानलं तर पुन्हा सभा होईल. तेव्हा मात्र लोकांना तुझं नाव घ्यावं लागेल. मोठ्यानं.

तडवी : भर पंचात? माझं?

चिंतामण : दुसरा रस्ता नाही रे. अर्जातही लागेल. वीस वर्षं नुसतं तडवी म्हणत आलो. नाव काय तुझं?

तडवी : वेस्ता. लिही. पण वाचून दाखवू नको.